औषध चालू, जखम मात्र ओलीच : जंतूंचा चिवट थर हटत का नाही?

घरात कुणाला जुनी शुगर असेल तर हा अनुभव ओळखीचा असेल. अब्बांच्या पायाला लहानशी जखम होते. गोळ्या होतात, इंजेक्शनं होतात, जखमेतला पू तपासायला दिला जातो. रिपोर्ट येतो आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की या जंतूवर अमुक औषध लागू पडतं. ते औषध सुरू होतं. आठ दिवस बरं वाटतं आणि कोर्स संपला की जखम पुन्हा ओली. मग घरचे म्हणतात डॉक्टर बदला, डॉक्टर म्हणतात औषध बदलू. रिपोर्ट खोटा नसतो, औषधही बहुतेक वेळा खरंच असतं. तरी जखम भरत नाही. या कोड्याचं एक मोठं कारण म्हणजे बायोफिल्म, साध्या भाषेत जंतूंनी एकत्र येऊन बांधलेला चिकट थर.

हा थर समजून घ्यायला इस्लामपूरकरांना लांब जायला नको. आपल्या वाळवा तालुक्यात ऊस आहे, साखराळ्याला राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना आहे, आणि गव्हाणीत मोळी पडली की सहा महिने सगळा परिसर उसाच्या वासात असतो. जगातल्या प्रत्येक साखर कारखान्याला एका जंतूशी लढावं लागतं. त्याचं नाव ल्युकोनोस्टॉक. ऊस तुटून उन्हात पडला, जळाला किंवा मोळ्या गाडीतच दोन-तीन दिवस राहिल्या, की कापलेल्या टोकांतून हा जंतू आत शिरतो आणि रसातल्या साखरेवर जगतो. पण तो साखर नुसती खात नाही. साखरेचे कण तोडून, एकमेकांना जोडून तो लांबच लांब चिकट धागे विणतो. या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात.

कारखान्यात रस गरम होण्याआधी, म्हणजे चरकाच्या खाली, नाल्यांत, जाळ्यांवर, जिथे रस कोमट असतो आणि सांडतो, तिथे हे डेक्स्ट्रान बुळबुळीत गोळ्यांच्या रूपात साचतं. युरोपातल्या बीटच्या कारखान्यांत लोक त्याला बेडकाच्या अंड्यांचा घोस म्हणायचे, कारण दिसायला ते तसंच दिसतं. 1861 साली लुई पाश्चर यांनी हा चिकटपणा जंतूंमुळे होतो असं मांडलं आणि 1878 साली व्हॅन टिघेम यांनी या जंतूला आजचं नाव दिलं. हा थर वाढला तर जाळ्या तुंबतात, रस दाट होतो, साखरेचे दाणे लांबट पडतात आणि उतारा मोजताना आकडाही फसवा येतो. शिळ्या आणि जळीत उसावर कारखाने नाराज असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

महत्त्वाचं पुढेच आहे. कारखान्यात या थरावर नुसतं जंतुनाशक ओतून भागत नाही. गरम पाण्याचा जोर, वाफ आणि घासणं हे आधी, औषध त्यानंतर. रसवंतीवाल्यालाही हे माहीत असतं. संध्याकाळी चरक आणि जाळी घासली नाही, तर सकाळी बुळबुळ हाताला लागते आणि नुसतं पाणी मारून ती जात नाही. माणसाच्या शरीरात नेमकं हेच होतं. फरक इतकाच की तिथे आपण घासायचं सोडून नुसतं औषध ओतत राहतो.

तोंडातला छोटा कारखाना

रोज सकाळी दातांवर जीभ फिरवल्यावर जो चिकटपणा जाणवतो, तोही बायोफिल्मच. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू चहातली, बिस्किटातली साखर घेऊन तसेच चिकट धागे बनवतात आणि त्यांच्या आधारानं दाताला चिकटून बसतात. कारखान्याच्या नालीत जे चालतं, तेच दाढेच्या सापटीत. त्या थराच्या आत जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दात पोखरला जातो. थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं.

हा थर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या पहिल्या लोकांत हॉलंडचे लेवेनहूक होते. कापडाचा धंदा करणारा हा माणूस, भिंगं मात्र स्वतः घासून बनवायचा. 1683 साली त्यांनी स्वतःच्या दातांमधला पांढरा मळ खरवडून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. मग त्यांनी तोंड शिरक्यानं धुऊन पाहिलं. मळ बाहेर काढून त्यावर शिरका टाकला तर जीव मरत होते, पण दातावरच्या थरात मात्र शिरका फक्त वरवरच्या जीवांपर्यंत पोहोचत होता. आतले जिवंतच. आज पायाच्या जखमेत आपल्याला जे सतावतं, ते या कापड व्यापाऱ्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वी जवळजवळ पाहून ठेवलं होतं. (घरात शिरका मुरवणाऱ्या बायकांना बरणीत वर येणारी जाड साय ठाऊक असते. तीही जंतूंनी विणलेलीच चादर आहे, पण उपयोगाची.)

म्हणूनच चूळ भरायचं औषध कितीही महाग असलं, तरी ते घासण्याची जागा घेत नाही. मिस्वाक असो की ब्रश, मुख्य काम घासण्याचं आहे, आणि ते हिरडीच्या कडेपर्यंत व्हायला हवं. मिस्वाकची काडी चावून तिचे तंतू मऊ झालेले हवेत. वाळकी, कडक काडी हिरडी सोलते. मशेरीनं घासणं मात्र यात धरू नका, ती तंबाखू आहे. आणि एकदा कीटण बसलं की मिस्वाकही चालत नाही आणि ब्रशही नाही, ते दाताच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. "सफाई केली की दात हलतात" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दात कीटणामुळे आधीच सैल झालेले असतात. कीटणाचा आधार गेला की ते कळतं, एवढंच.

कोरम भरला की ठराव

सुटा जंतू आणि थरातला जंतू यांच्यात फार फरक असतो. पाण्यात किंवा रक्तात एकटा फिरणारा जंतू दुबळा असतो. आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळू शकतात, औषध त्याला मारू शकतं. पण त्याला एखादा पृष्ठभाग सापडला, मग तो मेलेल्या मांसाचा तुकडा असो, प्लास्टिकची नळी असो की हाडात बसवलेली पट्टी, की तो आधी हलकेच टेकतो. या टप्प्यावर तो धुतला जाऊ शकतो. काही तासांत तो घट्ट धरतो, भोवती चिकट द्रव सोडतो आणि त्यात इतर येऊन मिसळतात. अनेकदा वेगवेगळ्या जातींचे जंतू एकाच थरात राहतात.

हे जंतू एकमेकांशी बोलतात म्हटलं तर विनोद वाटेल. पण प्रत्येक जंतू एक छोटं रसायन बाहेर सोडत असतो. गर्दी कमी असेल तर ते वाहून जातं. गर्दी वाढली की रसायन साचतं, आणि ते ठराविक पातळीवर पोहोचलं की सगळे जंतू एकदम वागणूक बदलतात. समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंवर 1970 साली अमेरिकेत झालेल्या संशोधनातून हे उलगडलं. ते जंतू एकेकटे असताना चमकत नाहीत, पुरेसे जमले की चमकतात. शास्त्रज्ञांनी याला चक्क कोरमचं नाव दिलं. सोसायटीच्या सभेत कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच इथे. गणपूर्ती झाली की थर जाड करण्याचा, विष सोडण्याचा ठराव पास होतो!

थर पिकला की त्यात पाणी आणि अन्न फिरायला बारीक वाटा तयार होतात. बहुतांश भाग पाण्याचाच असतो, बाकी साखरेचे धागे, प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए. पुढे थरातून काही जंतू सुटून बाहेर पडतात आणि दुसरीकडे नवा थर बसवायला जातात. कोर्स संपल्यावर पुन्हा येणारा ताप अनेकदा या सुटलेल्या जंतूंचा असतो. औषधानं सुटे जंतू मारले होते म्हणून मधे बरं वाटलं, पण वस्ती जागेवरच होती.

रिपोर्ट बरोबर, तरी औषध फेल का?

कल्चर रिपोर्टमध्ये जे तपासतात ते जंतू जखमेतून उचलून, प्रयोगशाळेत मोकळेपणी वाढवलेले असतात. म्हणजे वस्तीतून बाहेर काढलेला, एकटा, भरभर वाढणारा जंतू. त्याला औषध लागू पडतं, हे खरंच असतं. पण तोच जंतू थरात असताना त्याला मारायला दहापटीपासून हजारपटीपर्यंत जास्त औषध लागू शकतं. इतकं औषध रक्तात देणं शक्य नसतं, त्याआधी मूत्रपिंडं जातील.

याचं कारण एकच नाही. चिकट द्रव काही औषधांना अडवतो. काही जंतू औषध तोडणारी रसायनं सोडतात, ती त्या द्रवात साठून राहतात. पण माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखं कारण वेगळंच आहे. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी पोहोचतं, म्हणून तिथले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पेनिसिलिनसारखी औषधं जंतू वाढत असताना त्याची भिंत बांधू देत नाहीत. जो बांधकामच करत नाही, त्याचं काम अडवून काय उपयोग? 1944 साली जोसेफ बिगर यांनी पाहिलं की पेनिसिलिन टाकल्यावरही थोडे जंतू टिकून राहतात, आणि त्यांना पुन्हा वाढवलं तर त्यांची पिल्लं पेनिसिलिननं सहज मरतात. म्हणजे ते औषधाला पक्के झालेले नव्हते, नुसते दबा धरून बसलेले होते.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. औषधाला पक्का झालेला जंतू वेगळा आणि थरात लपलेला जंतू वेगळा. पहिल्यासाठी औषध बदलावं लागतं. दुसऱ्यासाठी थर मोडावा लागतो, औषध बदलून फारसं काही होत नाही. उलट मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तीन दिवसांच्या गोळ्या आणून खाल्ल्या, तर दुसऱ्या प्रकारचा जंतू हळूहळू पहिल्या प्रकारचाही होऊ शकतो, कारण थरात जंतू अगदी चिकटून राहतात आणि औषध पचवण्याचे गुण एकमेकांना देऊ शकतात. पाकिटावर लाल पट्टी असलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत, हे आपल्या घरांत अजून पुरतं रुजलेलं नाही.

पायाची जखम

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपल्या भागातही शुगर नसलेलं खानदान शोधावं लागेल. शुगर जुनी झाली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, तरी कळत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे औषध आणि पांढऱ्या पेशी दोन्ही तिथपर्यंत कमी पोहोचतात. जखमेत मेलेलं मांस असतं आणि जंतूंना टेकायला तीच जागा हवी असते. जुनाट जखमांत बायोफिल्म सापडण्याचं प्रमाण म्हणूनच फार मोठं आहे.

सर्जन जेव्हा म्हणतात की जखम कापून साफ करावी लागेल, तेव्हा घरात घबराट होते. "आज थोडं कापतील, उद्या पाय काढतील" अशी भीती असते. ती भीती समजण्यासारखी आहे, कारण शेजारपाजारी कुणाचा तरी पाय गेलेला असतो. पण बहुतेक वेळा साफसफाईला उशीर झाला म्हणून पाय जातो. काळं-पिवळं मेलेलं मांस काढणं म्हणजे जंतूंची वस्ती उठवणं. त्यानंतरचे एक-दोन दिवस फार मोलाचे असतात, कारण थर पुन्हा पिकायला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात औषध खरोखर काम करू शकतं. एकदाच साफ करून भागत नाही, ड्रेसिंगच्या वेळी पुन्हा पुन्हा खरवडावं लागतं, ते याचसाठी. रक्तपुरवठा किती आहे हे आधी तपासून घ्यायचं असतं, तो फारच कमी असेल तर सर्जन वेगळा विचार करतात. तपासणीसाठी नमुनाही वरवरच्या पुवाचा न देता जखम साफ केल्यावर आतल्या मांसाचा दिला तर रिपोर्ट जास्त खरा येतो. हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी लागतात, ज्या गोळीत मिळत नाहीत. शुगर काबूत हवी, आणि जखमेवर वजन पडता कामा नये. तळपायाला जखम असताना बाजारात फिरणाऱ्याची जखम भरणं कठीण. हळद, पावडर, पाल्याचा लेप लावून जखम झाकली की वरून सुकल्यासारखी दिसते आणि आत काम चालू राहतं. पाय शेकणं किंवा गरम पाण्यात बुडवणं बधिर पायासाठी धोक्याचं आहे, भाजलेलंही कळत नाही. जखमेभोवती लाली पसरत असेल, घाण वास येत असेल, बोट काळं पडत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी सांगली-मिरज, कराड, जिथे सोय होईल तिथे सर्जनला दाखवा.

पायाची तपासणी करायला नमाजी माणसाला वेगळा वेळ काढायची गरज नाही. वुजूला पाय धुतलेच जातात. तेव्हाच बोटांच्या सापटीत आणि टाचेला नजर टाकावी, खाली वाकता येत नसेल तर मुलाला-नातवाला पाहायला सांगावं, आणि सापटी पुसून कोरड्या कराव्यात. बोटांमधला ओलावा कातडी फोडतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. उमरा किंवा हजला जाणाऱ्या शुगरच्या लोकांनी तर मोजे आणि चपलेबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांना जाण्याआधीच विचारून घ्यावं. तिथल्या तापलेल्या जमिनीवर तळपाय भाजल्याच्या केसेस होतात.

नळी, हौद आणि टाकी

घरात अंथरुणाला खिळलेले दादा-दादी असतील तर लघवीची नळी बसवलेली असते. अशा नळीत दर दिवसागणिक सुमारे 3 ते 7 टक्के रुग्णांत जंतू येतात आणि महिनाभरात जवळजवळ प्रत्येकाच्या. म्हणून ताप, थरथर, पोटात दुखणं असं काही नसताना नुसत्या लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून औषध देत बसायचं नसतं. आणि खरंच संसर्ग झाला असेल, तर जुनी नळी काढून नवी घातल्यावरच नमुना घ्यावा. जुन्या नळीतला नमुना नळीच्या थराचा असतो, रुग्णाचा नाही. सगळ्यात चांगली नळी म्हणजे जी काढून टाकली. रोज एकदा विचारावं, अजून गरज आहे का?

हिरवट बुळबुळ जिथे जिथे पाणी साठतं तिथे असते: मस्जिदच्या हौदाला, छतावरच्या टाकीला, नळाच्या तोंडाला. टीसीएल टाकलं की झालं, असं समजून टाकी वर्षानुवर्षं घासली जात नाही. क्लोरीन थराच्या वरवरच खर्च होतं आणि तळातले जंतू तसेच राहतात. टाकी रिकामी करायची, ब्रशनं भिंती घासायच्या, ते पाणी काढून टाकायचं आणि मगच टीसीएलचं पाणी भरायचं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या गावांनी चिखल उपसण्यात जी मेहनत घेतली, त्यात टाक्या घासणं हेही तितकंच गरजेचं होतं.

पाण्यातला कॉलराचा जंतूही असाच चिकटून राहतो, कोपेपॉड नावाच्या अगदी बारीक जलचरांच्या अंगावर. मूळ बांगलादेशचे शास्त्रज्ञ अन्वर हक आणि अमेरिकेच्या रीटा कोल्वेल यांनी बांगलादेशच्या खेड्यांत बायकांना एक साधी गोष्ट शिकवली: जुनी सुती साडी निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळा. एकटा जंतू साडीतून सहज निघून जातो, पण ज्या जलचरावर तो बसलाय तो अडकतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. नवी साडी चालत नाही, तिचे धागे विरळ असतात. धुऊन धुऊन फुगलेली जुनीच हवी. उकळणं शक्य असेल तिथे उकळावंच.

थर मोडण्याची नवी हत्यारंही येत आहेत. साखर कारखान्यांत डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम रसात टाकलं जातं. त्याच विचारानं, फुप्फुसात दाट कफ साचणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना कफातला डीएनए तोडणारं एन्झाइम वाफेवाटे देतात. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचे, म्हणजे फाजचे प्रयोगही चालू आहेत. जॉर्जिया देशात ते उपचार शंभर वर्षांच्या जवळपास चालू आहेत. आपल्याकडच्या साध्या दवाखान्यात मात्र आजही थरावरचं मुख्य हत्यार सर्जनच्या हातातली पातीच आहे.